डबा कुणाचं ऐकतो?

मोहोळपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव आहे. तिथे माझ्या चुलतभावाचं दूध संकलन केंद्र आहे, पण त्याला डेअरीच म्हणतात सगळे. पत्र्याचं शेड, एक काटा, फॅट काढायचं मशीन, कॅन, आणि भिंतीवर मी बसवलेला एक करडा डबा. एका सकाळी रांगेत आक्का होत्या. दोन जर्सी गाई, दोन्ही वेळचं मिळून दहा-अकरा लिटर दूध. पावती हातात घेऊन त्या जरा वेळ डब्याकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, ह्यो डबा कुणाचं ऐकतो गं?"

मी हसले. "कुणाचंच नाही, आक्का. कुलूप लावलंय त्याला."

"मंग किल्ली कुणापाशी हाय?"

"माझ्यापाशी."

"म्हंजी तुजं ऐकतो की."

तेव्हा मला गंमत वाटली होती. पुण्यात जाऊन दोस्तांना हा किस्सा सांगितलाही. त्यानंतर सात महिन्यांनी आक्कांनीच मला त्या वाक्याचा अर्थ दाखवला. तो दिवस आठवला की अजून कान गरम होतात.

आधी डबा काय आहे ते सांगते. आत रास्पबेरी पाय ४ आहे. पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. ब्रिटनमध्ये शाळकरी पोरांना कोडिंग शिकता यावं म्हणून २०१२ साली ही जात सुरू झाली, आणि आता ती कारखान्यांत, लिफ्टमध्ये, दुकानांच्या जाहिरातींच्या पडद्यामागे सगळीकडे असते. आमच्या डब्यात ती काट्याकडून वजन घेते, फॅट मशीनकडून फॅट आणि एसएनएफ घेते, दरपत्रकात बघून पैसे काढते आणि पावती छापते. काम एवढंच. पण रोज सत्तर-ऐंशी घरांचा पैसा त्यातून जातो. आमच्याकडे ऊस वर्षातून एकदा पैसे देतो, तेही कारखान्याच्या मर्जीने. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो. किराणा, पोरांची फी, मोबाईलचा रिचार्ज सगळं त्यावर चालतं.

कुलूप मी हौसेने लावलं नव्हतं. त्याआधी दुसऱ्या एका गावात असाच डबा बसवला होता, उघडा. तिथे कुणीतरी मेमरी कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं, दरपत्रकाची फाईल उघडून दोन आकडे खाली आणले आणि कार्ड परत लावून टाकलं. कुलूप नाही, पासवर्ड नाही, पाच मिनिटांचं काम. मी भांडायला गेले तर केंद्रवाले शांतपणे म्हणाले, "मॅडम, डब्याचे पैसे मी मोजलेत. माझ्या डब्यात मी काय पण करीन."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरी अडचण अशी, की त्यांचं म्हणणं मला तत्त्व म्हणून मान्य होतं. कॉलेजात असल्यापासून मी हेच बोलत आले आहे.

ज्यांनी फोनचा बूटलोडर कधी अनलॉक केला असेल त्यांना हे लगेच कळेल. फोन मी विकत घेतला, पण त्यात कुठली ऑपरेटिंग सिस्टीम चालेल हे कंपनी ठरवणार. अनलॉक केलाच तर सगळा डेटा पुसला जातो, सुरू करताना दर वेळी पडद्यावर धमकीवजा सूचना येते, आणि बँकेचं ॲप तोंड फिरवतं. ही चीड जुनी आहे. अमेरिकेत टिवो नावाचा टीव्ही रेकॉर्डर होता. तो लिनक्सवर चालायचा, म्हणजे प्रोग्राम सगळ्यांना वाचायला आणि बदलायला मोकळा. पण बदललेला प्रोग्राम त्या यंत्रात टाकला की यंत्र तो चालवायलाच नकार द्यायचं, कारण त्यावर कंपनीची डिजिटल सही नसायची. रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रकाराला 'टिवोआयझेशन' म्हटलं आणि २९ जून २००७ रोजी आलेल्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला आडकाठी घातली. घरगुती वस्तूत आमचा प्रोग्राम वापरताय ना, मग बदललेला प्रोग्राम त्यात बसवायला लागेल ती माहितीही, किल्लीसकट, वापरणाऱ्याला द्या. लिनस टॉर्वाल्ड्स यांना हे पटलं नाही. यंत्र कसं बनवायचं ते बनवणारा ठरवेल, असं त्यांचं म्हणणं, आणि लिनक्सचा गाभा आजही दुसऱ्याच आवृत्तीवर आहे.

मी पक्की स्टॉलमनच्या बाजूची. मोहोळच्या माणसाला ही बाजू समजावायला टिवोची गरजही नाही, मालदांडी पुरते. रब्बी ज्वारीचा 'मालदांडी ३५-१' हा वाण १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात, शेतकऱ्यांच्याच जुन्या मालदांडीतून निवडून काढलेला. नव्वदेक वर्षं झाली, अजून पेरतात. कणसं चांगली दिसली की त्यातलीच बाजूला ठेवायची, पुढच्या वर्षी पेरायची, पाहुण्याला पायलीभर द्यायची. बी घरात आलं की ते घरच्याचं ऐकतं. संकरित वाणाचं बी पुढच्या पिढीत तसं राहत नाही, दर वर्षी दुकानात जावंच लागतं. आपल्या देशाच्या २००१च्या कायद्यात, कलम ३९ मध्ये, शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क लिहून दिलेला आहे, फक्त ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. यंत्रांसाठी असं काही अजून धड नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारंही घेतली, एक पोर्टल काढलं. ट्रॅक्टरमधला संगणक बिघडला की मेकॅनिक अजूनही कंपनीच्या माणसाला फोन लावतो.

तर, वस्तू ज्याची तिने त्याचं ऐकावं. इतकं सरळ.

पण त्या केंद्रवाल्यांचं वाक्य ऐकून परत येताना मोटरसायकलवर माझ्या डोक्यात एक गोष्ट अडकली. डबा त्यांचा होता हे खरं. डब्याने मोजलेलं दूध त्यांचं नव्हतं. स्टॉलमनच्या जगात दोन पात्रं आहेत, यंत्र बनवणारा आणि यंत्र विकत घेणारा. पहिला दुसऱ्याला लुबाडतो म्हणून दुसऱ्याला मोकळीक हवी. आमच्या शेडमध्ये तिसरं माणूस किटली घेऊन उभं असतं. त्याने डबा बनवला नाही, विकतही घेतला नाही. तो फक्त मोजला जातो. मालकाची मोकळीक वाढली की त्याची अडचण वाढते.

या तिसऱ्या माणसाची सोय आपल्याकडे फार आधीपासून होती हे मला उशिरा सुचलं. किराणा दुकानातला काटा दुकानदाराचाच असतो, पण तो उघडून आतली स्प्रिंग बदलायचा हक्क त्याला नाही. वैधमापनचा निरीक्षक येतो, वजनं ठेवून तपासतो, सील मारतो, आणि काट्याला वर्षातून एकदा हे करून घ्यावंच लागतं. सील तुटलेलं दिसलं तर काय झालं असेल ते गिऱ्हाईकाला समजतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यालाही हाच नियम. सोलापूर जिल्ह्यात राहून ज्याने 'काटामारी' हा शब्द ऐकला नाही तो माणूस बहुधा काल आलेला असणार. ट्रॉलीमागे क्विंटल-दोन क्विंटल जातात असा संशय इथे पिढीजात आहे, म्हणून लोक ऊस आधी बाहेरच्या काट्यावर तोलून मग कारखान्यावर नेतात. कुणी हे स्वातंत्र्यावरचं आक्रमण मानत नाही. तोलणाऱ्याचे हात थोडे बांधलेले असावेत, एवढं बाजारात उभ्या राहणाऱ्या कुणालाही कळतं.

म्हणून मी दादाच्या डब्याला सील मारायचं ठरवलं. त्याला म्हणतात सिक्युअर बूट.

त्याची रचना साधी आहे. एका किल्लीचे दोन भाग तयार करायचे, एक गुप्त आणि एक जाहीर. गुप्त भागाने माझ्या प्रोग्रामवर डिजिटल सही करायची. जाहीर भागाने ती सही कुणालाही पडताळता येते, पण नवी करता येत नाही. बोर्ड सुरू होताना चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला छोटा प्रोग्राम आधी जागा होतो. तो पुढच्याला तपासतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी माझा प्रोग्राम. कुठेही सही जुळली नाही की बोर्ड तिथेच थांबतो. प्रश्न एकच उरतो: जाहीर किल्ली खरी कुठली हे बोर्डाला कसं कळणार? त्यासाठी चिपमध्ये एकदाच लिहिता येणारी जागा असते. तिला ओटीपी म्हणतात, बँकेवाला नव्हे. त्यात किल्लीचा २५६ बिटांचा ठसा लिहायचा. लिहायचा म्हणजे अक्षरशः जाळायचा. अतिसूक्ष्म फ्यूज असतात, जळला तो जळला. पुसता येत नाही, बदलता येत नाही, कंपनीलाही नाही. त्या बोर्डावर अशी किल्ली एकच बसते. काही महागड्या चिपमध्ये चार किल्ल्यांची सोय असते, तीन फुटल्या तरी त्या रद्द करून चौथीवर चालतं. आमच्या बजेटात ती चिप नव्हती.

इथे नवशिके एक चूक करतात, मीही करणार होते. सही फक्त सुरुवातीच्या पाकिटावर असते. लिनक्सचा गाभा त्या पाकिटात ठेवला आणि आपला खरा प्रोग्राम कार्डावर बाहेर उघडाच राहिला, तर दाराला सात लिव्हरचं कुलूप आणि खिडकी सताड उघडी. माझा प्रोग्राम लहान होता, तो दरपत्रकासकट त्या पाकिटातच बसवला. बाहेर राहिली फक्त नोंदींची फाईल.

ज्या रात्री फ्यूज जाळला तेव्हा आत्याच्या घरी माळवदावर बसले होते. चाचणीच्या बोर्डावर तीनदा करून बघितलं होतं, त्यातला एक बोर्ड कायमचा वाया घालवला होता. तरी ती कमांड देताना हात थांबला. संगणकावर काम करणाऱ्यांना मागे फिरायची सवय असते. फाईल पुसली तर परत आणतो, कोड बिघडला तर कालचा काढतो. आमच्या धंद्यात पश्चात्तापाची सोय फुकट मिळते. आज मी स्वतःला अशा गोष्टीत बांधून घेत होते जी उद्याच्या मला नको वाटली तरी बदलणार नव्हती. लग्नासारखं, असं दादा म्हणाला. त्याचं नुकतंच झालं होतं.

बोर्ड परत सुरू झाला. दुसऱ्याचं कार्ड घालून बघितलं, सुरू झाला नाही. मी खूश. दादाही खूश, कारण आता 'सील केलेलं मशीन' असा बोर्ड त्याला शेडवर लावता येणार होता. लावलाही.

आता सात महिन्यांनंतरचं.

आक्कांची नात नववीत आहे. ती रोज संध्याकाळी आजीबरोबर डेअरीवर येते. फॅट मशीनचा छोटा पडदा दादाच्या बाजूला होता, पण ही पोरगी कॅनच्या मागून मान वाकडी करून तो वाचायची आणि वहीत लिहायची. आक्कांनीच सांगितलं होतं तिला. एका संध्याकाळी त्यांनी वही माझ्या पुढ्यात ठेवली. दोन रकाने. डावीकडे मशीनचा आकडा, उजवीकडे पावतीवरचा. ३.९८ आणि ३.९. ४.०७ आणि ४.०. ३.८९ आणि ३.८. पानं उलटत गेले. एकदाही पावतीचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा वर गेलेला नव्हता.

मी कोड उघडायच्या आधीच ओळखलं. दरपत्रक एका पॉइंटच्या पायऱ्यांनी असतं, ३.८, ३.९, ४.० असं. मशीन दोन दशांश देतं. तेव्हा आकडा जवळच्या पायरीवर न्यायला हवा, ३.९८ चा ४.०. मी दुसरा दशांश सरळ छाटला होता. एक ओळ. घाईत लिहिलेली, नंतर कधीही न वाचलेली. कुणाचा हेतू वाईट नव्हता, कुणी कार्ड काढलं नव्हतं, सही अगदी बरोबर जुळत होती. सात महिने बोर्ड रोज सकाळी उठून, माझी सही तपासून, खात्री करून घेऊन, मग लोकांचं फॅट कापत होता.

हिशेब लावला. छाटण्याने सरासरी अर्धा पॉइंट जातो. दादाच्या दरपत्रकात पॉइंटला तीस पैसे, म्हणजे लिटरमागे पंधरा पैसे. केंद्रावर दिवसाला सहाशे लिटर, म्हणजे नव्वद रुपये. दोनशे दहा दिवस. १८,९०० रुपये. कुणाही एका घराचे फार नाहीत, पाच-सहा पेंडीच्या पोत्यांइतकेही नाहीत. म्हणूनच कुणाला कळलं नाही.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे: त्या पहिल्या गावातल्या माणसाने उघड्या डब्यात केलेली लबाडी कुणीही कार्ड काढून पाहू शकलं असतं. माझी चूक कुणालाच दिसली नसती. कुलूप मी बाहेरच्यांसाठी लावलं होतं, आणि त्याने आतल्या माणसाची राखण केली. सही कशाची ग्वाही देते? हे अमुक माणसाने लिहिलं आहे आणि नंतर कुणी हात लावलेला नाही, एवढीच. लिहिलेलं बरोबर आहे याबद्दल सही गप्प असते. आपण मात्र शिक्का दिसला की दुसरीही गोष्ट धरून चालतो. तलाठ्याचा शिक्का असलेला चुकीचा उतारा दुरुस्त करायला किती फेऱ्या लागतात ते ज्याने केलंय त्याला विचारा. बिनशिक्क्याचा कागद चुकला तर लोक निदान संशय घेतात.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने विधानसभेच्या निकालानंतर मतपत्रिकेवर आपलं आपण मतदान घ्यायचं ठरवलं होतं. ३ डिसेंबरला ते होणार होतं. प्रशासनाने जमावबंदी लावली, ते झालं नाही. त्या गावाचा संशय खरा होता की खोटा, यावर इथे बोलायचं नाही, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मला त्यात दिसलं ते वेगळं. मतदान यंत्रातली चिपही एकदाच लिहिता येणारी आहे असं आयोग सांगतो, आणि ते सांगतो विश्वास बसावा म्हणून. इंजिनीअरला त्यातून दिलासा मिळतो: नंतर कुणी बदलू शकत नाही. गावकऱ्याला त्याच वाक्यातून वेगळाच प्रश्न पडू शकतो: मग आधी काय लिहिलंय ते मला कोण दाखवणार? दोघेही अडाणी नाहीत. एकाला नंतरची भीती आहे, दुसऱ्याला आधीची. कागदाची चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते ती या दुसऱ्या भीतीसाठीच. आक्कांच्या वहीचं कामही तेच होतं. यंत्राच्या बाहेरचा, यंत्राला न विचारता ठेवलेला आकडा.

असा बाहेरचा आकडा का लागतो हे केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं आहे. युनिक्स बनवणाऱ्यांपैकी एक माणूस, संगणकशास्त्रातला सगळ्यात मोठा पुरस्कार घेताना दिलेल्या भाषणात सांगतो, की जो कोड तुम्ही पूर्णपणे स्वतः लिहिला नाही त्यावर विश्वास ठेवू नका. कोड वाचूनही उपयोग नाही, कारण त्याचं यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्रामच लबाड असू शकतो. पुरस्काराच्या दिवशी असं बोलायला जिगर लागते. मी ते भाषण कॉलेजात वाचलं होतं, वर्गात त्यावर बोललेही होते. वहीची आठवण तेव्हा झाली नाही.

दुरुस्ती सोपी होती. एक ओळ बदलली, सही केली, डब्यात टाकली. अवघड होतं ते दादाशी बोलणं.

पैसे परत द्यायला तो नाही म्हणाला नाही. "मला ह्यात किती सुटले ते मलाच ठावं न्हाय," म्हणाला, आणि ते खरंही असेल. शीतकरण केंद्रावर त्याच्या दुधाचं फॅट वेगळंच निघतं, तिथे त्याच्या बाजूने कोण वही ठेवतं? पण त्याचा तोडगा असा: दिवाळीला दुधाचा बोनस देतोच, त्यात हे पैसे मिसळू. लिटरमागे थोडा जास्त बोनस. सगळे खूश, डेअरीचं नाव चांगलं, तुझंही चांगलं. अर्धे मी देते म्हटल्यावर तर त्याला यात काहीच गैर वाटेना.

मला दोन दिवस नीट सांगता येत नव्हतं की यात चुकतंय काय. रक्कम तीच, मिळणार त्याच लोकांना. मग कळलं. बोनस घेताना आक्का दादाला "देव भलं करो" म्हणाल्या असत्या. देणं होतं ते दान झालं असतं. ज्याचे पैसे त्यालाच देऊन वर उपकार. आणि पुढच्या वेळी पावतीबद्दल शंका आली तर, एवढा बोनस देणाऱ्या माणसाला कसं विचारायचं म्हणून त्या गप्प बसल्या असत्या. पैसे परत गेले असते, पण शंका घ्यायचा हक्क त्यांच्याकडून गेला असता.

"का बे, गावात तोंड दाखवायचं हाय मला," दादा चिडून म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. मी पुण्याला निघून जाणार, शेडमध्ये रोज तो उभा राहणार.

शेवटी पावतीवर वेगळी ओळ छापली: 'मागील फॅट फरक'. नोंदींच्या फाईलमध्ये मशीनचे मूळ आकडे दोन दशांशांसह होते म्हणून प्रत्येकाचा फरक काढता आला. ती फाईल सिलाच्या बाहेर होती, तिच्यावर कुणी का विश्वास ठेवावा हा प्रश्न होताच. आक्कांच्या वहीशी ताडून बघितलं. माझ्या हिशेबाने त्यांचे ४१२ निघाले, वहीच्या हिशेबाने ४३०. अठरा रुपयांच्या फरकात चार दिवस सापडले, जेव्हा वीज गेली होती आणि पावत्या हाताने लिहिल्या होत्या. ४३० दिले. 'फरक म्हंजी काय?' असं बऱ्याच जणांनी विचारलं, दादाने सांगितलं, आधी घाबरत, नंतर सवयीने. दोन घरांनी दूध दुसऱ्या डेअरीला घालायला सुरुवात केली. त्यातलं एक परत आलं आहे.

कुलूप मात्र मी काढलं नाही. काढता येतच नाही, पण आला असता तरी काढला नसता फ्यूज. फक्त डबा आता पूर्वीसारखा मुका नाही. प्रोग्राम सगळा उघडा ठेवलाय, कुणीही वाचावा, गुपचूप बदलता मात्र येणार नाही. गावातल्या बीएस्सीच्या एका पोराने तो खरंच वाचला आणि पावतीवरच्या शुद्धलेखनाची चूक काढली. फॅट मशीन दादाने फिरवून ठेवलंय. पडदा आता रांगेकडे असतो आणि त्याला स्वतःला मान वाकडी करावी लागते.

राहिली किल्ली. ती एका पेन ड्राइव्हवर, पासवर्ड घालून, आईच्या लोखंडी कपाटात सातबाराच्या फाईलखाली ठेवलेली होती. ती फुटली तर कुणीही माझ्या नावाने सही करेल, आणि हरवली किंवा उद्या माझं काही झालं तर पुढची चूक कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. डबा चुकीचं तेच इमानाने करत राहील. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली, एक बँकेची. मीही पासवर्डाचे दोन तुकडे केले आणि पेन ड्राइव्हची एक प्रत दादाकडे दिली. एक तुकडा त्याच्याकडे, एक आक्कांकडे. माझ्याशिवाय काही बदलायचंच झालं तर दोघांनी एकत्र बसावं लागेल.

आक्कांनी कागद उलटासुलटा करून बघितला. "मला कुठं वाचता येतंय ह्ये?"

"नातीला येतं की."

दादाचा तुकडा महिन्याभरात पॅन्टीबरोबर धुतला गेला, नवा द्यावा लागला. आक्कांचा वहीच्या कव्हरात आहे. परवा दुधाच्या वेळी विचारलं, नीट आहे ना म्हणून.

"हाय की," म्हणाल्या. मग पावती हातात घेऊन नातीकडे दिली. "लिव गं. मशीनचा आधी."